उभी बाटली, आडवी बाटली

नांदेडहून लातूरकडे एसटीने निघालात, की रस्त्याच्या कडेला धाब्यांच्या रांगेत एक पाटी हमखास दिसते : 'परमिट रूम'. खिडकीशी बसलेले लहान पोर अक्षरे जुळवून वाचते आणि वडिलांना विचारते, की बाबा, कसले परमिट? वडील बाहेर बघत विषय बदलतात. खरे उत्तर द्यायचे तर त्यांना पोराला बराच मोठा इतिहास सांगावा लागेल. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात आहे. त्या कायद्याच्या दृष्टीने पिणाऱ्याच्या खिशात आजही परवाना असावा लागतो. ज्या खोलीत परवानेवाल्यांनी बसून प्यायचे, ती परमिट रूम. दारूबंदी केव्हाच ओसरली, पाटी मात्र राहिली.

ही दारूबंदी मुंबई इलाख्यात पहिल्यांदा यायला निघाली, तेव्हा तिची जाहिरात करण्याचे काम एका मराठी लेखकाने हसत हसत अंगावर घेतले. आणि जाहिरातीला नाव काय दिले? 'ब्रँडीची बाटली'! ज्या वर्षी सरकार मुंबईतल्या बाटल्या उचलायला निघाले, त्याच वर्षी हे नाव चित्रपटाच्या जाहिरातींतून मोठ्या अक्षरांत लोकांपुढे आले. असा उफराटा विनोद महाराष्ट्रात एकच माणूस करू जाणे. तो माणूस म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे.

कारकुनाच्या घरातला मुलगा

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा. पुरंदर तालुक्यात सासवडजवळचे कोडीत खुर्द हे त्यांचे जन्मगाव. वडील सासवड नगरपालिकेत आधी कारकून आणि पुढे सेक्रेटरी होते. आवक-जावक, अर्ज, तगादे आणि साहेबांची मर्जी हे सारे अत्र्यांनी लहानपणीच जवळून पाहिले. पुढे त्यांच्या नाटका-सिनेमांतून जो गरीब, भाबडा, नाकासमोर चालणारा मध्यमवर्गीय माणूस वावरला, त्याची ओळख त्यांना पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही.

सासवडला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, मग मास्तरकी असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास. कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेला त्यांनी नावारूपाला आणले, लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि १९२८ साली परत आले. पुढे मुलांसाठी त्यांनी तयार केलेली 'नवयुग वाचनमाला' मराठी घराघरांत गेली. एवढेच केले असते तरी मोठे शिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण या मास्तरांच्या अंगात एक खोडकर विद्यार्थी कायमचा वस्तीला होता.

त्या विद्यार्थ्याने १९२५ साली 'झेंडूची फुले' नावाचा विडंबनकवितांचा संग्रह काढला. कवी म्हणून नाव घेतले केशवकुमार. त्यातली 'प्रेमाचा गुलकंद' ही कविता ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. प्रियकर रोज एक गुलाब प्रेयसीला नेऊन देतो. तो मनात प्रेमाचे मनोरे रचत असतो आणि तिकडे फुले बरणीत साखरेबरोबर मुरत असतात. शेवटी त्याच्या हाती काय येते, तर गुलकंद! एका पाककृतीने सारा प्रणय विरघळवून टाकला. उदात्त वस्तूला स्वयंपाकघरातून फिरवून आणायची, की तिचा फुगा आपोआप फुटतो, ही अत्र्यांची युक्ती. दारूबंदीसारख्या गंभीर विषयावर त्यांनी पुढे हीच युक्ती चालवली.

गुरूचा प्याला

दारूवर मराठीत विनोद करायचा म्हटले की अत्र्यांच्या आधी एक नाव घ्यावेच लागते. ते त्यांच्या गुरूचे, राम गणेश गडकऱ्यांचे. कॉलेजच्या वयात अत्रे गडकऱ्यांच्या सहवासात आले आणि जन्मभर स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवत राहिले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेले पाहायला ते राहिले नाहीत. गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक उभे केले. बालगंधर्वांची सिंधू पाहून बायाबापड्या पदराने डोळे पुसत घरी गेल्या.

या नाटकात रडू जेवढे आहे तेवढेच हसूही आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. सुधाकर वकील अपमानाच्या क्षणी पहिला प्याला घेतो आणि त्याच्या संसाराची राख होते. पण तो प्याला पुढे करणारा तळीराम हा मराठी रंगभूमीवरचा एक अस्सल विनोदी माणूस आहे. पिणाऱ्यांची रीतसर संस्था, तिचे नाव 'आर्य मदिरा मंडळ', सभासद, चर्चा, मतभेद अशी सगळी थट्टा गडकऱ्यांनी रंगवली. दारूची इतकी मजेदार जाहिरात दुसऱ्या कुणी केली नसेल. आणि त्याच जाहिरातीच्या पाठीमागे त्यांनी सिंधूचे फाटके लुगडे टांगून ठेवले. प्रेक्षक तळीरामाला हसतात आणि घरी जाताना सिंधूला घेऊन जातात.

शिष्यापुढे प्रश्न होता तो इथेच. गुरूने दारूचे रडू असे काही रडवून ठेवले होते, की त्याच वाटेने पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता. अत्र्यांनी दुसरी वाट धरली.

बाटली पडद्यावर

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. दारूबंदी हा गांधीजींचा जिव्हाळ्याचा कार्यक्रम. त्याची जबाबदारी आली डॉ. गिल्डर यांच्याकडे, म्हणजे एका पारशी डॉक्टरकडे. दारूच्या धंद्यात पुष्कळ पारशी कुटुंबे होती, त्यामुळे घरचाच विरोध त्यांनी अंगावर घेतला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली.

या वातावरणात हंस पिक्चर्सने 'ब्रँडीची बाटली' काढला. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक अत्रे. आदल्याच वर्षी याच जोडीच्या 'ब्रह्मचारी'ने महाराष्ट्राला पोट धरून हसवले होते. नव्या चित्राचा नायक कोणी देखणा तरुण नव्हता. तो होता बगाराम. तिरळ्या डोळ्यांच्या दामूअण्णा मालवणकरांनी तो उभा केला. बगाराम इतका भोळा, की दारू म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. एका आजारी माणसाला औषध म्हणून ब्रँडी हवी असते आणि ती आणण्याचे काम याच्या गळ्यात पडते. बिचारा बाटलीच्या शोधात निघतो. ज्याने कधी गुत्त्याचा उंबरा पाहिला नाही, त्याला गुत्त्यांची दुनिया पाहावी लागते.

यातली गंमत नीट पाहा. दारूवर व्याख्यान देणारा कोणी साधुपुरुष अत्र्यांनी आणला नाही. दारूला न ओळखणारा एक साधा माणूस तिच्या दुनियेत सोडला आणि त्याच्या डोळ्यांनी ती दुनिया दाखवली. पिणाऱ्यांना जे रोजचे आणि साधे वाटते, ते बगारामला चमत्कारिक वाटते, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही वाटू लागते. चित्र हिंदीतही निघाले. दारूबंदीच्या बाजूने सरकारी पत्रके किती निघाली असतील त्यांची आज कुणाला आठवण नाही. बगारामची मात्र आहे.

हा खेळ सातासमुद्रापलीकडेही चालला होता. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. तिथे चोरून केलेल्या जिनची उग्र चव झाकण्यासाठी फळांचा रस, मध आणि काय काय घालून कॉकटेलच्या कृती निघाल्या. द्राक्षरसाच्या सुक्या विटा दुकानात मिळत, आणि त्यांवर मोठ्या साळसूदपणे सूचना असे, की ही वीट पाण्यात विरघळवून भांडे वीस दिवस कपाटात ठेवू नये, नाहीतर तिची दारू होईल. सूचना म्हणावी तर सूचना, कृती म्हणावी तर कृती! ही जाहिरात दारूबंदीचा मुखवटा घालून दारू विकत होती. अत्र्यांनी बरोबर उलटे केले. त्यांनी दारूचे लेबल लावून दारूबंदी विकली.

स्तुतीलाही बंदी

खेर मंत्रिमंडळाने महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ च्या अखेरीस राजीनामा दिला आणि ती पहिली दारूबंदी लवकरच ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा आली आणि या खेपेस कंबर कसून आली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, ६ एप्रिल १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, १९५२ साली ते मुख्यमंत्री झाले. दारूबंदी म्हटले की मोरारजींचे नाव, असे समीकरणच होऊन बसले.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. दारू करणे, विकणे, पिणे यांना बंदी होतीच. दारूची जाहिरात छापायलाही बंदी होती, आणि दारूची स्तुती करणे हासुद्धा गुन्हा होता. म्हणजे तळीराम नाटकात बोलतो ते गावच्या पारावर कोणी मनापासून बोलला असता, तर तो पोलिसांच्या तावडीत सापडला असता. एका पारशी गृहस्थाने या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला. मात्र स्तुतीवरची बंदी भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून काढून टाकली, आणि मद्यार्क असलेली औषधे व अत्तरे यांनाही मोकळीक दिली. एकच प्याला पिता येत नव्हता, पण त्याचे गुणगान करायची मुभा मिळाली!

आणखी एक गंमत कायद्यातच पुढे आली. घरात अचानक कोणी आजारी पडले तर औषध म्हणून ब्रँडी जवळ बाळगण्यासाठी कुटुंबप्रमुखाला खास परवाना मिळण्याची तरतूद त्यात करण्यात आली. म्हणजे बगारामची जी वणवण अत्र्यांनी रंगवली होती, तिच्यावर सरकारनेच कागदोपत्री उपाय काढला. विनोदी लेखकाच्या कल्पनेला कायद्याने इतके मनावर घेतल्याचे उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

अत्रे स्वतः काही सोवळे नव्हते. पेल्याशी त्यांची ओळख होती आणि ती त्यांनी जगापासून लपवून ठेवली नाही. दारूबंदीसाठी ज्याने चित्रपट लिहिला त्याचे पाय असे मातीचे, म्हणून टीकाकारांनी त्यांना कमी छळले नाही. पण याच माणसाने १९५३ साली 'श्यामची आई' काढला, आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान १९५४ साली त्याला मिळाला. एकाच माणसात बगाराम, तळीराम आणि श्याम असे तिघेही राहू शकतात, हे अत्र्यांकडे पाहून पटते. ढोंग करण्यापेक्षा हसून कबूल करावे, हा त्यांचा धर्म. ज्यांना पिण्याचा मोह कळतो, त्यांचीच दारूवरची थट्टा पिणाऱ्याच्या काळजाला जाऊन लागते.

गोदावरीकाठी आलेला कायदा

हे सगळे चालले होते मुंबई-पुण्याला. आपल्या नांदेड-लातूरकडे काय चित्र होते? इथे निजामाचे राज्य. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातले बाजारपेठेचे गाव. स्वतंत्र जिल्हा तो १९८२ साली झाला. खेरांची दारूबंदी इकडे लागू नव्हती. इकडे शिंदी आणि मोहाची दारू यांचे लिलाव होत, गुत्तेदार मक्ता घेत आणि आबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जाई. निजाम सरकारच्या मोठ्या उत्पन्नांपैकी ते एक होते.

म्हणूनच १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने लढा पुकारला, तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हा त्याचा एक कार्यक्रम होता. तिकडे मुंबईत दारूबंदी म्हणजे सरकारी हुकूम होता, इकडे ती सरकारविरुद्धची लढाई होती. रात्री कुऱ्हाडी घेऊन निघालेली पोरे बाटली फोडत नव्हती, निजामाची तिजोरी फोडत होती. मराठवाड्यातल्या दारूबंदीच्या इतिहासाचे हे पहिले पान आपण आपल्या मुलांना क्वचितच वाचून दाखवतो. स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला १९९४ साली उभे राहिले. त्या विद्यापीठात शिकणाऱ्या किती मुलांना शिंदीची ती तोडलेली झाडे ठाऊक असतील?

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे पाच जिल्हे हैदराबादपासून सुटून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांचे दैनिक 'मराठा' सुरू झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी लेखणी आणि वाणी दोन्ही पणाला लावल्या. मोरारजींवर ते रोज तुटून पडत. १९५७ साली ते विधानसभेवर निवडून गेले. अत्र्यांचा राग दहा हजार वर्षांच्या मोजपट्टीने मोजायचा असे, आणि त्यांचे कौतुकही त्याच पट्टीने. सभांना माणसे लोटत ती राजकारण ऐकायला आणि हसायलाही.

आणि इथे पुन्हा एक विनोद घडला, जो कुणी लिहिला नव्हता. ज्या मोरारजींशी अत्रे लढत होते, त्यांच्या राज्यातला दारूबंदी कायदा १९५९ च्या विस्तार कायद्याने मराठवाड्यातही आला. गुत्त्यांच्या जागी हातभट्ट्या पेटल्या. जे पूर्वी गुत्तेदाराच्या दुकानात उघडपणे चाले, ते नाल्याकाठी, शेताच्या बांधाआड चालू लागले. पोलीस आल्याची वर्दी पोरेसोरे धावत जाऊन देऊ लागली. बंदीने प्यायची हौस मिटवली असे म्हणता येत नाही, पण तिने घरातल्या बाईच्या हाती एक शब्द दिला. नवरा पिऊन आला तर आता ती त्याला एवढे तरी सांगू शकत होती, की हे कायद्याने गुन्हा आहे.

संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. अत्र्यांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण. त्यानंतरही त्यांनी 'तो मी नव्हेच'सारखे नाटक दिले. 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या गुणदोषांसह स्वतःला लोकांपुढे उभे केले. १३ जून १९६९ रोजी ते गेले. तोपर्यंत दारूबंदीची दोरी सरकारनेच सैल करायला घेतली होती. १९६४ च्या सुमारास परवाने सुलभ झाले. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी गावोगाव लागली. निजामाच्या तिजोरीविरुद्ध ज्यांनी शिंदीची झाडे तोडली, त्यांतल्या काहींना आपल्याच सरकारची ही पाटी म्हातारपणी वाचावी लागली असेल. त्यांना काय वाटले असेल ते कुठल्या बखरीत लिहिलेले नाही.

आडवी बाटली

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या माणसांना कायद्याची हद्द म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. पलीकडच्या आंध्रात १९९५ साली पूर्ण दारूबंदी आली, १९९७ मध्ये ती मागे घेतली गेली. मधल्या दिवसांत राज्याच्या सीमेवरची एक रेघ हाच काय तो बंदी आणि मोकळीक यांतला फरक होता. बाटलीला पाय फुटतात आणि रेघ ओलांडायला तिला परमिट लागत नाही.

मग उपाय काय? महाराष्ट्राच्या नियमांत एक तरतूद आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात नको म्हटले, तर गावातले दारूचे दुकान बंद होते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. दुकान राहू द्यायचे असेल तर उभी बाटली, बंद करायचे असेल तर आडवी बाटली. निवडणुकीची एवढी सोपी, एवढी चपखल खूण कुठल्या पक्षाला सुचली नसेल. बाटलीविरुद्धचा प्रचार बाटलीचेच चित्र घेऊन होतो. बाया हातात फलक घेऊन गल्लीगल्लीतून फिरतात आणि फलकावर दारूची बाटली रंगवलेली असते, फक्त आडवी.

अत्र्यांना हे चिन्ह पाहायला मिळाले असते तर ते खळखळून हसले असते. कारण ही त्यांचीच युक्ती. १९३९ साली त्यांनी पोस्टरवर बाटली उभी केली आणि चित्र संपेपर्यंत ती आडवी पाडली. गुरूने सिंधूचे अश्रू दाखवून जे सांगितले, ते शिष्याने बगारामचा भोळेपणा दाखवून सांगितले. दोघांच्या कलेने महाराष्ट्रात किती जणांचा प्याला सुटला, याचा हिशेब मांडता येणार नाही. खेळ संपल्यावर थिएटरबाहेरच्या पहिल्याच वळणावर काहींचे पाय गुत्त्याकडे वळले असतीलच. पण हसता हसता ज्याला आपलेच तोंड त्या आरशात दिसले, असा एखादा तरी प्रेक्षक सरळ घरी गेला असेल. त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली असेल, पोरे जेवून झोपली असतील. विनोदी लेखकाला याहून मोठे सुवर्णपदक कोणते हवे?

तेव्हा पुढच्या खेपेला नांदेड-लातूर रस्त्यावर पोराने खिडकीतून विचारले, की बाबा, कसले परमिट, तर विषय बदलू नका. प्रवास तीन-चार तासांचा आहे. बगारामपासून सुरुवात करा. आधी पोर हसेल. मग ते शिंदीच्या झाडांविषयी विचारील आणि सिंधूविषयीही विचारील. अहमदपूर येईपर्यंत अर्धी गोष्ट होईल, आणि उरलेल्या वाटेत कदाचित ते तुम्हालाच एखादा प्रश्न विचारील. त्याचे उत्तर मात्र ज्याचे त्यानेच द्यायचे आहे.